काकीच्या मशीनचा कौल

आमच्या काकीने उभ्या आयुष्यात कुणाला स्वतःहून ‘हो’ म्हटलं नाही आणि ‘नाही’ही म्हटलं नाही. तिला काहीही विचारा, ती भाजी निवडायची थांबायची, पदराला हात पुसायची आणि अंगठा मागे करून म्हणायची, “माका इचारू नको, बायेक इचार.” ही बाय म्हणजे तिच्या दुकानातलं पिनबॉलचं मशीन. हसू नका. घाटकोपरच्या डोंगरउतारावरच्या आमच्या गल्लीत निम्मी लग्नं आणि निम्म्या नोकऱ्या त्या मशीनला विचारून ठरल्या आहेत.

काकी माझी सख्खी काकी नव्हे, ती सगळ्या गल्लीचीच काकी. कुडाळकडची. तिचा नवरा गिरणीत फिटर होता. गिरणी बंद पडली तेव्हा काकाने गल्लीच्या तोंडाशी एक गाळा घेतला आणि व्हिडिओ गेमचं दुकान टाकलं. त्यात जुहूच्या कुठल्याशा हॉटेलने काढून टाकलेलं हे पिनबॉलही टेम्पोत घालून आणलं. आजच्या पोरांना सांगावं लागतं म्हणून सांगते. काचेखाली एक उतरता फळा असतो. स्प्रिंगचा दांडा ओढून सोडला की लोखंडी बॉल वर जातो, खुंट्यांवर आपटत, घंट्या वाजवत खाली येतो. खाली दोन पाती असतात, ती बटणं दाबून हलवायची आणि बॉल परत वर मारायचा. चुकलात की बॉल मधल्या नाहीतर कडेच्या दोन फटींतून खाली गडप. मागच्या उभ्या काचेवर चित्र होतं. मुकुट घातलेली एक बाई सिंहाच्या डोक्यावर हात ठेवून उभी. काका सांगून सांगून थकला की अगं, ही सर्कशीतली मडम आहे. काकीचं म्हणणं, डोक्यावर मुकुट, शेजारी सिंह, आणखी देवी कशी असते? खंडेनवमीला सगळ्या मशीनना झेंडूचे हार घालायचे, तसा हिलाही घातला, फक्त हिच्यापुढे नारळही फोडला.

काका अचानक गेला. छातीत कळ आली आणि रिक्षा मिळेपर्यंत संपलंच. तेराव्यानंतर गावाहून आलेले दीर म्हणाले, दुकान विकून टाक आणि पोराला घेऊन गावी चल. कोकणात असला प्रश्न पडला की ग्रामदेवतेला कौल लावतात. मूर्तीला फुलाच्या कळ्या चिकटवायच्या आणि गाऱ्हाणं घालायचं. उजवी कळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. काकी म्हणाली, गावाला जाऊन कौल लावायला सवड कुणाला आहे, माझी देवी इथेच आहे. तिने शटर अर्धं ओढलं, उदबत्ती लावली, दांडा ओढला आणि पात्यांना हात न लावता बॉल सोडून दिला. इथे राहू काय, असं विचारलं होतं. बॉल उजवीकडच्या फटीतून गेला. दीर काय बोलणार, तेही त्याच गावचे. हात जोडून रात्रीच्या गाडीने निघून गेले.

तेव्हापासून कौल सुरू झाला. त्याचे नियम होते आणि काकी त्यात कुणाची गय करायची नाही. आंघोळ करून यायचं. प्रश्न मोठ्याने विचारायचा, मनातल्या मनात नाही. बॉल खाली येत असताना मशीनला धक्का द्यायचा नाही. “देवी बोलता तेवा आपण हात लावचो नाय,” हे ती आमदाराच्या माणसालाही सुनावायची. उजवीकडून गेला तर हो, डावीकडून गेला तर नाही, मधून गेला तर बाय झोपली आहे, उद्या ये. आणि एकदा उत्तर मिळालं की तेच पुन्हा विचारायचं नाही. ते सगळ्यात मोठं पाप. पण काकी खुळी नव्हती हां. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला गुडघ्याचं ऑपरेशन करू का विचारायला आला, तर तिने त्याला तसाच परत पाठवला. “डॉक्टराक इचार रे, ही हाडांची देवी नाय,” म्हणाली.

मी गेले होते ते लग्नासाठी. मुलुंडचं स्थळ आलं होतं. मुलगा नोकरीवाला, निर्व्यसनी, आई खूश. मला तो अजिबात नको होता. बोलायला लागला की स्वतःच्या मॅनेजरबद्दलच बोलायचा, दुसरा विषय नाही. पण ‘नको’ म्हणायची सोय आमच्या घरात नव्हती. मी मशीनपुढे उभी राहिले आणि म्हटलं, याच्याशी लग्न करू का? काकीचा हात दांड्यावर होता, तो तिने काढला. माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, तसं नको विचारू, ‘नाही म्हणू का’ असं विचार. मी तसं विचारलं. बॉल उजवीकडे गेला. आई पुढे कित्येक दिवस काकीशी बोलली नाही, पण देवीपुढे तिचंही काही चाललं नाही.

असं का विचारायला लावलं ते मला पुढे कळलं. माझा भाऊ तेव्हा सिव्हिलचा डिप्लोमा करत होता, उठल्यासुटल्या सगळ्याला लेव्हल, म्हणजे कल दाखवणारी बुडबुड्याची पट्टी, लावून बघायचा. एकदा त्याने ती मशीनच्या काचेवर ठेवली. आमची गल्लीच उतरती, दुकानाची फरशी डावीकडे कललेली. म्हणून काकाने मशीनच्या डाव्या पायांखाली लाकडाचे तुकडे सारले होते, पण सारताना ते जरा जास्तच झाले होते. मशीन उजवीकडे झुकलं होतं. म्हणजे बॉल बहुतेक वेळा उजवीकडेच जाणार, म्हणजे देवी बहुतेक वेळा हो म्हणणार. भावाला वाटलं, आपण मोठा शोध लावला. काकी चवळीच्या शेंगा मोडत होती. मान वर न करता म्हणाली, “म्हायत असा माका. लोकांका ‘हो’च ऐकूचा असता. ‘नाय’ काय, ता घरात बसान पण गावता.” भावाने लेव्हल खिशात टाकली आणि पुन्हा हा विषय काढला नाही. मीही कुणाला सांगितलं नाही.

मग मोबाइल आले आणि काकीच्या दुकानाची वाट लागली. सरळ सांगायचं तर तसंच झालं. पोरं दुकानाच्या पायरीवर बसायची, पण मान खाली घालून, फोनवर खेळत. टीव्हीवरचे गेम एकेक करून बंद पडले. कौलाला येणारी माणसंही कमी झाली, कुणी टॉवरमध्ये गेलं, कुणी वर गेलं. काकीचा मुलगा विलास बदलापूरला फ्लॅट घेऊन राहत होता. तो दर रविवारी यायचा आणि दुकान बंद कर म्हणायचा. मुलगा वाईट नव्हता. पण काकीला ठाऊक होतं की दुकान गेलं की आपल्याला बदलापूरच्या हॉलमध्ये सोफ्यावर बसायचं आहे. इथे ती मालकीण होती, गल्लीची काकी होती. तिथे ती फक्त विलासची आई असणार होती.

अशात चेंबूरचा एक माणूस आला. बंद पडलेल्या मॉलमधली गेमची मशीनं घ्यायची आणि विकायची हा त्याचा धंदा. अंधेरीच्या एका हॉटेलवाल्याला सजावटीसाठी जुनं पिनबॉल हवं होतं. त्याने काकीपुढे अदलाबदल ठेवली. जुनं द्या, नवं घ्या. नवंही पिनबॉलच, पण झगमग दिव्यांचं, छोट्या पडद्याचं, बोलणारं. पोरं येतील बघा, म्हणाला. विलासनेही कबूल केलं की पोरं आली आणि दुकान चाललं, तर मी पुन्हा बदलापूरचं नाव काढणार नाही. म्हणजे बाय गेली तर दुकान राहण्याची आशा, आणि बाय राहिली तर दुकान जाणार हे नक्की. काकी दोन दिवस धड जेवली नाही. येईल त्याला विचारत सुटली, काय करू? इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती माणसांना विचारत होती. सगळे म्हणाले, दे ना काकी, जुनं खोकं ते.

शेवटी तिने मला बोलावून घेतलं. दुपारची वेळ होती, गल्लीत कुणी नव्हतं. तिने आंघोळ करून नवं लुगडं नेसलं होतं. म्हणाली, पायांखालचे तुकडे काढ. मला आधी समजलंच नाही. “आज खरा काय ता कळाक व्हया,” ती म्हणाली. मी मशीनची एक बाजू खांद्याने उचलून धरली, तिने खाली वाकून एकेक तुकडा काढला, घातला, परत काढला. काचेवर पाण्याची बाटली आडवी ठेवून आम्ही बघत होतो. बाटली गडगडायची थांबली तेव्हा तिने उदबत्ती लावली आणि सर्कशीतल्या त्या बाईकडे बघून मोठ्याने विचारलं, तुला पाठवू काय?

बॉल वर गेला. एरवी असा झपकन खाली येणारा बॉल त्या दिवशी येईना. खुंट्यांमध्ये घुटमळला, घंट्या वाजवत राहिला. डाव्या फटीच्या अगदी तोंडाशी आला आणि काकी काचेवर वाकली. तिथल्या खुंटीवर तो आपटला, आडवा झाला आणि सरळ उजवीकडे जाऊन पडला. मी म्हटलं, काकी, राहू दे, हे आपण धरायचं नाही. तिने काच पुसली, हळद-कुंकू वाहिलं आणि चेंबूरच्या माणसाला फोन लावायला मला सांगितलं. टेम्पो आला तेव्हा ती आतल्या मोरीत भांडी घासत बसली, बाहेर आलीच नाही.

नवं मशीन आलं आणि खरंच पोरं आली. आठवडाभर दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. काकीने सगळ्यांना चहा पाजला. मग एक दिवस, पोरं शाळेत गेलेली बघून, तिने उदबत्ती लावली आणि नव्या मशीनला पहिला कौल लावला. दुकान चलात काय? बॉल वर गेला, खाली आला आणि डावीकडे पडला. तिचा चेहरा उतरतो आहे तेवढ्यात मशीन आतून इंग्रजीत काहीतरी ओरडलं आणि तोच बॉल आपणहून परत वर सोडला. नव्या मशीनमध्ये तशी सोयच असते. बॉल लगेच गेला तर खेळणाऱ्याचं मन मोडू नये म्हणून तो परत देतात. मी तिला हे समजावून सांगितलं. “हेका ‘नाय’ म्हणूक येना नाय,” ती म्हणाली. “मगे हेच्या ‘हो’क काय अर्थ?” पुन्हा तिने त्या मशीनला हात लावला नाही. पोरांचंही लवकरच मन भरलं आणि ती पायरीवर परत फोन घेऊन बसली.

एकदा तिला घेऊन मी अंधेरीच्या त्या हॉटेलात गेले. तिचाच हट्ट, एकदा जाऊन विचारून येऊ. मशीन दारातच होतं, नवं पॉलिश मारलेलं, चकचकीत. वायर कापलेली. आत बॉलच नव्हता. काचेवर मेन्यूकार्डांची चळत होती. काकीने ती उचलून बाजूला ठेवली आणि हात जोडले. मागे एक जोडपं फोटो काढायला थांबलं होतं, वेटर आम्हाला म्हणाला, आंटी, जरा साइड हो ना. मला त्याची भयंकर चीड आली, मी भांडणार होते. काकीने माझा दंड धरला आणि मला बाहेर आणलं.

पुढे विलासने दुकान बंद केलं. त्याचा तरी काय दोष? ती बदलापूरला गेली, म्हणजे नेली तशी गेली. मी अधूनमधून फोन करायचे. विलासची बायको सांगायची, आईंना काहीही विचारलं की त्या नुसत्या बघत बसतात, भात वाढू का विचारलं तरी. आम्हाला वाटलं, वय झालं.

दिवाळीच्या आधी विलासचा फोन आला. काकीला दवाखान्यात ठेवलं होतं. पोटात गाठ होती आणि डॉक्टर म्हणत होते, लगेच ऑपरेशन केलं तर निभावेल. पण ती होही म्हणत नव्हती आणि नाहीही म्हणत नव्हती, आणि तिच्या होकाराशिवाय डॉक्टर हात लावायला तयार नव्हते. तुझं ऐकेल ती, तू सांग, असं म्हणून त्याने फोन तिच्या कानाला लावला. मी म्हटलं, काकी, ऑपरेशन कर, सगळं नीट होईल. मी पुन्हा म्हटलं, काकी, मी सांगते ना, कर.

“तू ‘हो’च म्हणतलंस गो,” ती म्हणाली. आवाज अगदी मायेचा होता. “तू माजी ना?”

ऑपरेशन झालं नाही. त्याच आठवड्यात काकी गेली.