दगड जपून ठेवा भाऊ

हसायचं असेल तर आधी हातातला कप खाली ठेवा. मध्येच ठसका लागला तर माझी जबाबदारी नाही.

लोकांचं काय काय हरवतं? चावी, चष्मा, छत्री. मी दगड हरवला! माणसापेक्षा हातभर उंच, हजारो वर्षं एकाच जागी उभा असलेला दगड. तोही घरच्यांना दाखवायला घेऊन गेलो त्या दिवशी!

सुरुवात झाली उन्हाळ्यात. वरठीहून मोटरसायकलनं पवनीकडे कामाला गेलो होतो. परतताना वाट वाकडी करून एका गावात शिरलो, कारण बाबा नेहमी त्या गावच्या दगडाचं सांगायचे. आणि खरंच, मोकळ्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, तो एकटाच उभा! बाजूला मोहाचं झाड आणि वर नुसतं आभाळ. कुठल्या काळात, कुणी, कुणाच्या आठवणीसाठी उभा केला असेल? मी त्याच्या सावलीत बसलो आणि माझी समाधी लागली. माझं हे नेहमीचंच आहे. भाजी आणायला जातो आणि नदीकडे बघत बसतो.

"काय पाहून राहिले जी?" मागून आवाज आला. शेताचे मालक, तुळशीरामभाऊ.

"दगड."

"त्यात पाहाचं काय हाय?" असं म्हणून तेही बाजूला बसले. अर्धा तास आम्ही दोघंही दगडाकडे पाहत होतो.

घरी येऊन बाबांना सांगितलं, तर म्हातारा खाटेवर उठून बसला. मग हळूच म्हणाला, "आमची माय त्या बांधीत धान कापाले जाये. दुपारी त्याच दगडाले टेकून शिदोरी खाये. मी मांडीवर. तिचा फोटो नाही आपल्याजवळ, बाबू. डोळ्यात मोतीबिंदू आला, गुडघे गेले. एकडाव त्या दगडाले पाठ टेकवून बसाचं हाय."

 ठरवलं, बाबांना न्यायचं म्हणजे न्यायचं, आणि या खेपेला गोंधळ करायचा नाही. कारण माझ्या सहलींची घरात ख्याती आहे. एकदा सगळ्यांना तळ्यावरचे पक्षी दाखवायला नेलं होतं, तर तळंच आटलेलं होतं.

म्हणून नवी वही आणली आणि डिसेंबरातल्या एका रविवारचा कार्यक्रम मिनिटामिनिटानं लिहून काढला. आठ चाळीस, कारध्याचा पूल, नदीवरचं धुकं पाहणे. अकरा वाजता दगडाचं दर्शन. साडेअकरा ते बारा दगडाजवळ शांत बसणे, कोणीही बोलू नये. खाली मी लाल रेघ मारली.

बायकोनं, सुषमानं, वही वाचली. "अहो, यात जेवन कुठी हाय?"

जेवण राहूनच गेलं होतं! पण तेवढं ती सांभाळणार होती.

दोन आठवडे आधी तुळशीरामभाऊंना फोन केला. मोठ्या अधिकाऱ्याच्या थाटात सांगितलं, "भाऊ, आम्ही येईपर्यंत दगड जपा. पोरं नावं कोरतात, कोणी शेंदूर फासतं. पुरातन वस्तू आहे. काय वाट्टेल ते करा, पण जपून ठेवा."

"तुमी फिकरच करू नका जी. कोनाची नजर नाही पडनार त्याच्यावर. त्या दिवशी मी जरा पवनीले जानार हाय, पन दुपारी येतोच."

त्याच वेळी माझ्या डोक्यात काही यायला नको होतं का? पण मी धुक्याचा विचार करत होतो.

रविवार उजाडला. शेजाऱ्याची गाडी मागून आणली. कारध्याच्या पुलावर असं धुकं होतं, असं धुकं, की खाली वैनगंगा आहे हे नुसतं ऐकून मानायचं! एक नावाडी त्यातून निघाला आणि त्यातच विरघळला. वहीतल्या दहा मिनिटांऐवजी मी पाऊण तास उभा राहिलो. गाडीत सुषमा बाबांना वही मोठ्यानं वाचून दाखवत होती. लाल रेघेसकट.

गावात पोचलो. बांध तोच, मोहाचं झाड तेच. धान कापून झालं होतं आणि बांधीच्या मधोमध भलंमोठं पुंजणं रचलेलं होतं, म्हणजे कापलेल्या धानाच्या भाऱ्यांचा ढीग. आणि दगड? दगड गायब!

"कुठी हाय रे?" बाबांनी गाडीतूनच डोळे बारीक करून विचारलं.

"थोडा पुढे आहे. तुम्ही बसा," मी ठोकून दिलं.

तुळशीरामभाऊंचा फोन लागेना. मी चार बांध्या पालथ्या घातल्या.  चोरीला गेला? ट्रॅक्टरनं ओढून नेला? मी इतकी जाहिरात केली म्हणूनच कुणी उचलला? बाबांची मायच जणू माझ्या हातून हरवली होती.

तेवढ्यात पलीकडच्या विहिरीजवळ एक उभा दगड दिसला. उन्हाळ्यात तो तिथं होता का? मला आठवेना. जरा बुटका होता, पण बुडत्यानं काय काय बघायचं? म्हटलं, काळानं झिजला असेल. बाबांना हाताला धरून बांधावरून तिथवर नेलं. गुडघे धरत, थांबत, बिचारे आले. मी भाषणच ठोकलं, "बघा बाबा, ही गुळगुळीत धार! हजारो वर्षांच्या हातांनी झालेली!"

बाबांनी तळवा ठेवला. बराच वेळ ठेवला. "हा नोहे, बाबू."

"बाबा, तुम्ही तेव्हा लहान होता..."

"सरका जी जरासे!" एक बाई म्हैस घेऊन उभी. "आमच्या म्हशीचा आंग खाजवाचा दगड हाय तो. मागच्या सालीच आनला."

मी सरकलो. म्हशीनं त्या हजारो वर्षांच्या धारेला पाठ घासायला सुरुवात केली. सुषमा पदर तोंडात कोंबून हसत होती. बाबा हसले नाहीत. ते माघारी वळले, तेव्हा मला फार वाईट वाटलं.

पुंजण्याच्या सावलीत सतरंजी टाकली. लाखोळीच्या डाळीचे वडे, जवसाची चटणी, भात. बाबा पुंजण्याला पाठ टेकवून बसले, चार घास खाल्ले आणि डोळे मिटून घेतले. मी पुन्हा शोधायला निघालो. तासाभरानं परतलो तर बाबा तसेच बसलेले, चेहऱ्यावर कधी पाहिली नव्हती अशी शांतता. म्हटलं, थकले बिचारे. मीही शेजारी पुंजण्याला डोकं टेकून आडवा झालो.

ऊन कोवळं, वाळल्या धानाचा वास, आणि मला डोळा लागला. स्वप्नात शेकडो माणसं दोर लावून एक दगड ओढत होती. एक म्हातारा मला म्हणाला, "कुठं उभा करू?" मी त्याला वही दाखवली. त्यानं ती उलटी धरली आणि हसला.

"झालं का पाहून?"

डोळे उघडले तर समोर तुळशीरामभाऊ.

मी उठून बसलो. "भाऊ, दगड कुठं गेला?"

"गेला?" ते माझ्याकडे बघतच राहिले. मग पुंजण्याजवळ गेले, दोन भारे ओढले, तिसरा ओढला. आत दगड! मी जिथं डोकं टेकून झोपलो होतो तिथून वीतभर अंतरावर!

"तुमी म्हनलं ना जपा म्हून? धानाइतकं जपून आमी दुसरं काय ठेवतो जी? चारी बाजूनं भारे लावले. एका पोराचा हात नाही लागला!"

 मी कपाळाला हात लावला. मग बाबांकडे वळलो, "बाबा, सापडला! तुमच्या पाठीमागंच होता!"

"मले मालूम हाय," बाबा डोळे न उघडताच म्हणाले. "टेकलो तवाच समजलं. भाऱ्यामागून कडक लागे. माय इथंच बसे."

"बाबा, मग सांगितलं काहून नाही? मी तासभर उन्हात फिरून राहिलो ना!"

बाबांनी एक डोळा उघडला.

"तूच वहीत लिवलं ना बाबू? दगडाजवळ शांत बसाचं, कोनी बोलाचं नाही. लाल रेघ मारून."