मटारच्या दिवसांतली बैठक

पनागरजवळच्या एका गावात भाजी पिकवणाऱ्या बायकांच्या गटासाठी सौरपंप आणि ठिबक बसवण्याचं काम माझ्याकडे होतं. पंप बसला, नळ्या पसरून झाल्या. राहिलं होतं ते प्रशिक्षण: फिल्टर कोणी धुवायचा, पाणी केव्हा कोणाच्या वाफ्यात वळवायचं. ते झालं की गटाकडे हस्तांतरण, आणि प्रकल्प बंद. लॅपटॉपवरच्या वेळापत्रकात कामांच्या सगळ्या पट्ट्या हिरव्या होत्या, ही एक सोडून.

ठरल्या दिवशी शाळेच्या ओसरीवर मी आणि तंत्रज्ञ दोघंच बसून राहिलो. शेवटी मी शेतात गेले. बायका मटार तोडत होत्या. एक मान वर न करता म्हणाली, "दीदी, मटर के टाइम पे मीटिंग कौन रखता है?"

"इनके कंप्यूटर में मटर नहीं होता होगा," दुसरी म्हणाली.

सगळ्या हसल्या. मीही हसले. अशा वेळी मला दुसरं काही सुचत नाही.

जबलपूरला, घमापुरातल्या घरी आले तरी चैन पडेना. बाबा कारखान्याच्या प्लॅनिंग सेक्शनमधून निवृत्त झालेले. ताटाशेजारी लॅपटॉप पाहून म्हणाले, "काहून गं, जेवताना पण काम करून राहिली?"

मी पट्ट्या दाखवल्या. ते खूश झाले. "अच्छा! आमच्याकडे असाच तक्ता भिंतीवर होता. रंगीत दोऱ्या, टाचण्या. माल गेटबाहेर गेला का दोरी काढायची."

"आणि माल पुढे चालला का नाही, ते?"

"ते दुसऱ्या डिपार्टमेंटचं. चलो, जेव आता."

आमच्या ऑफिसात दुसरं डिपार्टमेंट नव्हतं. वरून येणाऱ्या प्रत्येक कागदावर 'शाश्वत विकास' असायचा, पट्टी मात्र हस्तांतरणापाशी संपायची. बाबांची दोरी आणि माझी पट्टी यात फरक एवढाच, की माझी हलवायला खुर्चीवरून उठावं लागत नव्हतं.

सोमवारच्या ऑनलाइन बैठकीत मी कॅमेरा बंद ठेवते. साहेबांनी विचारलं, "पनागर झालं ना? आज बंद करून टाकू."

हो म्हटलं असतं तर कोणी काही विचारलं नसतं.

"नाही सर. मटार संपल्यावर प्रशिक्षण घेऊ. आत्ता दिला तर पंप कोणी सांभाळणार नाही."

"मॅडम, तुम्ही जबलपूरच्याच ना? मटार कधी येतो माहीत नव्हतं?" कोणीतरी हसलं. "उशीर तुमच्या नावावर लागेल."

"लागू द्या," मी म्हणाले, आणि माइक बंद करून पट्टीची तारीख पुढे सरकवली.

मटार संपला, बायका आल्या. एकीने फिल्टर उघडला आणि "इत्ता कचरा!" म्हणत सगळ्यांना गाळ दाखवत फिरली. प्रकल्प बंद झाला. मला पनागरच्याही पुढे, मझौलीच्या कामावर टाकलं. पंपाची चौकशी करायला मला कोणी सांगितलेलं नाही. तरी मी गटाच्या अध्यक्षबाईंना फोन करते. एरवी फोन लावायचा म्हटलं की मी टाळत राहते. "हाँ दीदी, चल रहा है," एवढं ऐकलं की काही दिवस बरे जातात.

या आठवड्यात फोन उचलला गेला नाही. गहू कापणीला आला असेल, किंवा पंप बंद पडला असेल. काल मझौलीचं तिकीट काढलं होतं, पण बस वाटेत पनागरला थांबली तशी मी उतरले.