मिरी न घातलेली वाटी

माझा दादा सोफे दुरुस्त करतो. फाटलेलं रेक्झिन काढायचं, बसलेला फोम बदलायचा, स्प्रिंगा आवळायच्या आणि वरून नवं कापड ताणून ठोकायचं. ठोकताना बारीक खिळे तो तोंडात धरतो, जिभेने एकेक पुढे सरकवतो आणि हातोडीच्या लोहचुंबकाला चिकटवतो. जन्मभर हेच केल्यामुळे बोलायची सवयच राहिली नाही. लोक मूग गिळून गप्प बसतात, आमचा दादा खिळे धरून बसतो. बाजारात त्याला सगळे मौनी म्हणतात.

मी त्याच्या अगदी उलट. बसचे पास देण्याच्या खिडकीत बसते, दिवसभर तोंडाची टकळी चालू. दोघांच्या वाटचं बोलणं एकीलाच मिळालंय, असं आई म्हणायची. तेव्हा ही गोष्ट दादाची असली तरी सांगावी मलाच लागणार, तो काही सांगायचा नाही.

त्याची बायको या गप्प राहण्यालाच कंटाळून गेली. मारहाण नाही, दारू नाही, दुसरी बाई नाही. "भिंतीशी संसार केला असता तर निदान आवाज तरी घुमला असता," असं जाताना मला म्हणाली. बॅगा दाराबाहेर होत्या आणि दादा समोर उभा होता. 'राहा' एवढं म्हणाला असता तर ती राहिली असती, हे मी आजही छातीठोकपणे सांगते. या पठ्ठ्याने काय करावं? बॅगा उचलून टॅक्सीत ठेवल्या.

मुलगी तेव्हा पहिलीत होती. ती आईबरोबर गेली. दर रविवारी दादा तिला बागेत भेटायचा. कुठल्याशा मैत्रिणीच्या वाढदिवसाला तिने वेफर्सबरोबर डिप खाल्लं होतं आणि तिला तसंच हवं होतं. दादाला तो शब्दही माहीत नव्हता. तिने हातवारे करून सांगितलं, पांढरं असतं, घट्ट असतं, त्यात बुडवायचं. पुढच्या रविवारी तो डबा घेऊन हजर.

ते डिप त्याने आपल्या डोक्याने शोधून काढलं होतं. सोफ्याच्या पोटात लावायचं कोरं मांजरपाट घ्यायचं, धुऊन उकळून, त्यात दही बांधून दुकानातल्या खुंटीला रात्रभर टांगायचं. कांदा इतका बारीक चिरायचा की दिसू नये, आणि मंद आचेवर काळपट तांबूस होईपर्यंत परतत राहायचं. घाई केली की कडू होतो. लसूण सालासकट भाजून चिरडायचा, दोन चमचे साय, मीठ, लिंबू आणि शेवटी भरडलेली मिरी. मिरीने पोरीला ठसका लागायचा, म्हणून मिरी घालायच्या आधी तिच्यापुरतं एका लहान वाटीत बाजूला काढायचं. बागेतल्या बाकावर दोघं बसायची, मध्ये वेफर्सचं पाकीट. ती बडबडायची आणि तो ऐकायचा. मी एकदोनदा गेले होते बरोबर. दादाला इतकं खुशीत मी एरवी कधी पाहिलं नाही.

मग तिच्या आईने दुसरं लग्न केलं. माणूस वाईट नव्हता, उगाच कशाला बोलू. त्याची बदली झाली आणि सगळी दुसऱ्या गावी गेली. रविवार संपले. आधी फोन यायचे, मग वाढदिवसाला यायचे, मग तेही आटले. पोरगी त्या माणसाला बाबा म्हणायला लागली, सांभाळलं त्याने, म्हणणारच. तिचं लग्न झाल्याचं आम्हाला कुणाच्या तरी फोनवरच्या फोटोत दिसलं. मंचावर तिच्या एका बाजूला आई होती, दुसऱ्या बाजूला तो. दादाने फोटो बोटांनी मोठा करून पाहिला आणि फोन परत दिला.  

लग्नानंतर ती आमच्याच शहरात राहायला आली, हेही आम्हाला उशिरा कळलं. पुढे तिची आई गेली. आणि या हिवाळ्यात एक दिवस तिचा फोन आला. मी दुकानातच होते, दादाला डबा द्यायला गेले होते. नवऱ्याला बढती मिळाली होती, घरी पार्टी होती. "ते तुमचं डिप कराल का? तसं कुठेच मिळत नाही," ती म्हणाली. लहानपणी ती त्याला अरे-तुरे करायची. आता 'तुमचं' झालं होतं. मला ते खटकलं, दादाला नाही. तो तोंडातले खिळे हातावर काढून उभा होता. "करतो," म्हणाला.

शनिवारी सकाळपासून त्याने दुकान बंद ठेवलं. कांदे परतायला मी बसू का विचारलं तर उलथनं सोडेना. मिरी घालायच्या आधी लहान वाटी बाजूला काढली, वर झाकण लावलं आणि रुमालात बांधली. मी म्हटलं, "अरे, ती तीस वर्षांची घोडी झाली. आता मिरी खात असेल."

"असेल," म्हणाला, आणि वाटी पिशवीत ठेवली.

मग शर्टाला इस्त्री करता करता त्याने मला विचारलं, "चार लोकांत ओळख करून देईल ना गं?" दादाच्या मानाने हे भाषणच होतं. तिच्या सासरच्या माणसांसमोर तिने एकदा म्हणावं, हे माझे बाबा. एवढंच त्याला हवं होतं. बाकी कशाची त्याने कधी आशा केली नव्हती. मी म्हटलं, "न देऊन सांगते कुणाला? मी आहे ना बरोबर."

लिफ्टने वर गेलो. दार तिच्या सासूने उघडलं. बाई नीटनेटकी, तोंडभर हसणारी. मागून आमची पोरगी आली. तिने दादाला पाहिलं, दादाने तिला. हॉलमध्ये बरीच माणसं होती आणि मधल्या सोफ्यावर तो दुसरा बाबा बसला होता, हातात ग्लास. दादाला बघून तो अर्धवट उठला, मग परत बसला.

सासूने विचारलं, "हे कोण गं?"

पोरीने तोंड उघडलं. मी बघत होते, तिने खरंच तोंड उघडलं. पण शब्द येईना. तिने एकदा सोफ्याकडे पाहिलं, एकदा सासूकडे. सासरी तिने काय सांगितलं होतं ते मला तिथेच कळलं. या घरात तिला एकच बाप होता आणि तो ग्लास घेऊन बसला होता. चेहरा पांढराफटक पडला पोरीचा. जरा वेळ अजून गेला असता तर सगळ्यांच्या माना वळल्या असत्या.

आणि ज्याने बायकोला राहा म्हटलं नाही, तो माझा दादा तेव्हा बोलला. पिशवी पुढे करून म्हणाला, "डिपची ऑर्डर होती."

"हो का? या, या, स्वयंपाकघर इकडे," सासू म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "मदतीला बाई पण आणलीत, बरं झालं."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. तोंडावर आलं होतं, अहो बाई, मी तुमच्या सुनेची आत्या. दादाने मागून माझं मनगट धरलं. सोफ्याचं कापड ताणणारा हात आहे तो, हलता येईना. मी गेले मुकाट्याने.

स्वयंपाकघरात त्याने डिप काचेच्या भांड्यात काढलं, कडा पुसल्या, वेफर्स ताटात रचले. लहान वाटी रुमालातून सोडून ओट्याच्या कोपऱ्यात ठेवली. मी फणफणत होते. तेवढ्यात पोरगी आत आली. दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाली, "आत्या, आज नको. प्लीज. सांगीन मी त्यांना, नक्की सांगीन, पण आज नको."

"मला काय सांगतेस, त्याला सांग," मी म्हटलं.

तिला ते जमेना. ती दादाकडे वळली आणि तिची नजर ओट्यावर गेली. वाटी तिने ओळखली. आमच्याकडे पाठ करून, बोटानेच, उभ्या उभ्या तिने ती अख्खी वाटी संपवली. वेफर्स घ्यायलाही थांबली नाही. तिचे खांदे हलत होते. दादा दोन पावलं पुढे झाला, हात थोडा उचलला त्याने, तेवढ्यात बाहेरून सासूची हाक आली. तिने नळाखाली तोंड धुतलं, ओढणीने पुसलं आणि गेली.

बाहेर भांडं लगेच फस्त झालं. जो तो विचारत होता, कुठून मागवलं. दादा दारापाशी उभा होता, हात मागे बांधून. तेव्हा पोरगी रिकामं भांडं घेऊन आली आणि सगळ्यांसमोर, अगदी सहज आवाजात म्हणाली, "काका, अजून आहे का थोडं?"

बाहेरून कामाला आलेल्या कुठल्याही माणसाला म्हणतात तसं. चोख म्हणाली, कुणाला शंका येऊ नये असं. दादा म्हणाला, "आणतो." भांडं घेतलं, आत येऊन भरलं, परत नेऊन दिलं. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. ओठ घट्ट मिटलेले, जणू खिळे आत होते.

निघताना सासूने त्याचा नंबर घेतला. आमच्याकडे सारखं काही ना काही असतं, म्हणाली. त्याने दिला. पोरगी शेजारीच उभी होती, जमिनीकडे बघत. घरी येईपर्यंत दादा एकच वाक्य बोलला. "त्या सोफ्याचा डावा कोपरा बसलाय." मी बसच्या खिडकीकडे तोंड करून रडले, आणि रडण्यापेक्षा संतापच जास्त होता.

त्यानंतर सासूबाईंचे फोन यायला लागले. कधी भिशी, कधी मुलाचे मित्र, कधी कुणाचा वाढदिवस. दादा प्रत्येक वेळी जातो. मी नाही जात, माझ्याच्याने बघवत नाही. मी त्याला फैलावर घेतलं, "अरे, लाज कशी वाटत नाही तुला? स्वतःच्या मुलीकडे आचारी होऊन जातोस?" त्याने शांतपणे हातावर खिळे काढले आणि म्हणाला, "दिसते तरी." 

दर खेपेला तो लहान वाटी नेतो. पुढच्या वेळेस मागची वाटी त्याला ओट्यावर धुऊन पालथी घातलेली मिळते. 'नक्की सांगीन' म्हणाली होती, त्याचं काही झालेलं नाही. दादाने विचारलेलंही नाही.

परवा मी दुकानात होते. त्याचे हात गोंदाने भरलेले, म्हणून फोन स्पीकरवर ठेवला होता. सासूबाईच होत्या. रविवारसाठी डिप हवं होतं, नेहमीपेक्षा जास्त, बरीच मंडळी येणार म्हणाल्या. मग आवाज एकदम गोड झाला. "आणि हे बघा, या वेळी मिरी अजिबात नको हं. आमच्या सुनेला दिवस गेलेत, तिला तिखट सोसत नाही. आजी होणार मी."

 मी तोंडावर हात दाबून धरला होता.

"अभिनंदन," तो म्हणाला. "मिरी नाही घालत."

फोन बंद झाला. तो उठला, हात पुसले, आणि कपाटातून मांजरपाटाचा नवा तुकडा काढून त्याने उकळायला ठेवला.