मिरचीचा खोकला

"तिथंच थांब. पुढे येऊ नको."

कंपाउंडरने एवढं म्हटलं आणि कपाशीवर फवारायचा पंप माझ्यावर सोडला. डोक्यापासून पायापर्यंत. जंतू मारायच्या औषधाचं पाणी डोळ्यांत गेलं, पदर भिजला, पाठीवरून ओघळ गेला. धुळ्याच्या देवपुरातल्या त्या दवाखान्याच्या पायरीखाली मी उभी होते. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, पण समोरच्या गॅलऱ्यांतून माणसं बघत होती. ढोरं धुतात तशी मला धुतली.

माझा गुन्हा एवढाच, की मला ठसका लागला होता.

मी मिरचीच्या पथारीवर कामाला. धुळ्याबाहेर मोकळ्या जागेत लाल मिरची वाळत घालतात, ती पथारी. आम्ही बाया दिवसभर बसून तिचे देठ खुडतो. नाकात मिरची, घशात मिरची. अंघोळ केली तरी खोकला जात नाही. लॉकडाऊन लागला तेव्हा माल पडून होता, म्हणून शेठजींनी काम चालूच ठेवलं. इतकी वर्षं आमच्या खोकल्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं. त्या वर्षी तो कोरोना झाला.

मी गेले होते वेगळ्याच दुखण्यासाठी. शौचाला रक्त पडत होतं.

पहिल्यांदा दिसलं तेव्हा सुपडाबाईला सांगितलं होतं. पथारीवरची सगळ्यात जुनी बाई ती. नवऱ्याला सांगायची लाज वाटली. सुपडाबाई देठ खुडता खुडता म्हणाली, "मिरचीनी धग शे ती. बठ्ठासले व्हस. ताक पेत जाय."

मिरचीची धग ती, सगळ्यांनाच होते, असं तिचं म्हणणं. आमच्याकडे सगळं मिरचीवर जातं. हात सोलले, मिरची. डोळे सुजले, मिरची. नाकातून जी आत जाते ती कुठून तरी बाहेर पडणारच, असं आम्ही बाया धरूनच चालतो. मीही धरलं. ताक प्याले. जेवणातलं तिखट सोडलं. खान्देशात तिखट सोडायचं म्हणजे जेवणच सोडायचं. रक्त काही थांबलं नाही. पोट कधी गच्च, कधी ढिलं. पोलकी अंगात सैल व्हायला लागली. तेव्हा मनाचा हिय्या करून दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी खिडकीला प्लास्टिक लावलं होतं. आतून विचारलं, काय होतंय? मी सांगितलं. त्यांना ऐकू गेलं नाही. मग रस्त्यावर उभं राहून, ओल्या लुगड्यात, गॅलरीतल्या माणसांदेखत मी ओरडून सांगितलं, की माझ्या शौचातून रक्त पडतं.

"मूळव्याध आहे," ते म्हणाले. "तुम्ही लोक नुसत्या मिरच्या खाता. कमी खा."

झालं. चिठ्ठी कंपाउंडरने चिमट्यात धरून माझ्यापुढे केली. हो, चिमट्यात.

तेवढ्यात गाडी थांबली. शेठजींच्या आई उतरल्या. त्यांना ढेकरा येत होत्या म्हणे. माझ्या शेजारून जाताना माझ्या लुगड्यातल्या मिरचीनं त्याही शिंकल्या. एकदा नाही, तीन-चारदा. कंपाउंडर पंप खाली ठेवून धावला आणि त्यांचा हात धरून त्यांना मागच्या दारानं आत घेऊन गेला. त्यांना कोणी धुतलं नाही.

मी चिठ्ठी घेतली. घरी आले. मलम लावत राहिले.

पुढे सरकारी दवाखान्यातही गेले. तो सगळा कोरोनाचा झालेला. दारातूनच सांगितलं, दुर्बिणीची तपासणी बंद आहे, कोरोना संपल्यावर या. कोरोना काय दवंडी पिटून संपणार होता? एक लाट गेली, दुसरी आली. माणसं पटापट मरत होती, तिथं माझं रक्त कोण विचारतो? मलाच ओशाळं वाटायचं. वाटायचं, आपणच तिखट खाल्लं, आपणच उशीर केला, आपलंच चुकलं. ती लाज मी दुखण्यापेक्षा जास्त वागवली.

सगळं उघडलं तोवर माझं पोट फुगलं होतं. शी बंद. वांत्या सुरू. जळगावचा भाऊ येऊन मला घेऊन गेला. तिथं एका दवाखान्यात दुर्बीण घातली, तुकडा काढून तपासायला पाठवला. मोठ्या आतड्याचा कॅन्सर. आधी दिसला असता तर छोट्या ऑपरेशनवर भागलं असतं, म्हणाले. आता तो आतड्याबाहेर गेला होता.

दुसऱ्या दिवशी मोठे डॉक्टर राऊंडला आले. मागे शिकणारी पोरं-पोरी. त्यांच्याशी इंग्रजीत काहीबाही बोलले. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "एवढे दिवस काय झोपला होतात? ही माणसं अशीच. अंगावर काढतात आणि शेवटी आमच्याकडे येतात."

पोरांनी माना डोलावल्या.

मी फार थकले होते. सोडून दिलं असतं. जन्मभर सोडूनच देत आले. पण तो शब्द सोडवेना. अंगावर काढतात. कुणी काढलं अंगावर? मला तो पंप दिसला. तो चिमटा दिसला. सलाईन लावलेला हात मी वर केला.

"मी आली होती साहेब. मला फवारून परत पाठवली. कोणी हात लावला नाही. मी अंगावर नाही काढलं. तुम्ही काढायला लावलं."

माना डोलायच्या थांबल्या. साहेब पुढच्या खाटेकडे गेले. पण त्या दिवशी मला पुरतं कळलं, की इतके महिने मी जी चूक उराशी धरून बसले होते ती माझी नव्हतीच. राग आला. उशिरा आला, पण आला.

ऑपरेशन झालं, आता पोटावर पिशवी आहे. शी तीतच येते. औषधं चालू आहेत, पुढचं कोणी छातीठोक सांगत नाही. दुपार झाली की अंगातला जीव जातो. तरी पथारीवर जाते. दुसरं काम कुठलं? काही बाया वासानं थोडं सरकून बसतात. मी माझे देठ खुडते.

या हंगामात मंगल माझ्या शेजारी बसायला लागली. तरणी पोर, पदरात दोन लेकरं. परवा मान खाली घालून म्हणाली, "अक्का, माले बी रक्त पडस."

सुपडाबाईनं ऐकलं. या खेपेला ती ताक पी म्हणाली नाही. माझ्याकडे बघत राहिली.

आज सकाळी मंगलला घेऊन मी देवपुरात आले. तोच दवाखाना. डॉक्टर तेच, कंपाउंडर तोच, त्यानं मला ओळखलं नाही. खिडकीचं प्लास्टिक गेलं आहे. आम्ही आत टेबलासमोर बसलो. मंगलला ठसका लागला तशी डॉक्टरांनी खुर्ची मागे सरकवली. तिनं कसंबसं सांगितलं. तिचं बोलणं संपायच्या आत त्यांचं पेन चालू झालं होतं.

"मूळव्याध. तिखट कमी खा."

मंगल उठायला लागली. तिचा खांदा दाबून मी तिला खाली बसवलं.

"हातमोजा घाला डॉक्टर," मी म्हटलं. "आधी तपासा तिला. मग लिहा."

"बाई, बाहेर पेशंट बसलेत."

"बसू द्या. आम्ही बी पेशंटच आहोत."

मी उठले, दार लावून घेतलं आणि दाराला पाठ लावून खाली बसले. पिशवी भरत आली आहे. वास सुटेल. सुटू दे. पथारीवर अजून खूप बाया आहेत, एकेकीला घेऊन मी इथंच येणार आहे. हात लावून तपासल्याशिवाय या दारातून मी उठणार नाही.