वैकुंठाची गाडी

काही वर्षं मी एका कीर्तनकार महाराजांसोबत पेटी वाजवत फिरलो. साखरखेर्ड्यापासून पिंपळगाव राजापर्यंत, जिथं सप्ताह असेल तिथं आमची जीप जायची. महाराजांचा एक विनोद ठरलेला होता. मोक्षावर बरंच बोलून झालं की ते विचारत, "वैकुंठाले कोनाकोनाले जायचं हाये? हात वर करा." सगळा मांडव हात वर करी. मग आवाज खाली आणून म्हणत, "बाहेर गाडी उभी हाये. आत्ताच निघायचं. आता करा वर." हात पटापट खाली यायचे आणि हशा उठायचा. आपलं पितळ उघडं पडलं, पण शेजाऱ्याचंही पडलं, म्हणून लोक इतके मोकळे हसतात, असं मला वाटे.

एका गावात सप्ताहाचा शेवटचा दिवस, काल्याचं कीर्तन होतं. लख्ख ऊन. हशा उठला आणि बायकांच्या बाजूला एक हात वरच राहिला. साठीची बाई, स्वच्छ हिरवं लुगडं, मांडीवर कापडी पिशवी. तिला विनोद कळला नाही असं समजून लोक आणखी हसले. शेजारणीनं तिचा कोपर खाली ओढला. हात पुन्हा वर गेला, फाट्यावर एसटीला दाखवावा तसा.

"गाडी कोनीकडे उभी हाये, महाराज?" तिनं विचारलं.

हसू एकदम थांबलं नाही. मागच्या रांगांपर्यंत हळूहळू विरत गेलं. महाराजांकडे कशालाही उत्तर असे. या वेळी त्यांनी नुसती मला खूण केली. मी अभंगाचा सूर धरला, तोही चुकीचा.

पंगतीत आम्ही चौकशी केली. वरच्या आळीला ती खालच्या आळीची पाहुणी वाटली होती, खालच्या आळीला वरची. जेवून जीपकडे आलो, तर ती मागच्या सीटवर बसलेली.

महाराज दाराशी थांबले. म्हणाले, "माय, ते गमतीनं म्हनलं होतं."

"मले ठाऊक हाये," ती म्हणाली. "मीबी हासली. पन तुमी इचारलं ना."

तिला उतर म्हणायचं कुणाला सुचलं नाही. ड्रायव्हरनं जीप काढली. मेहकरच्या अलीकडे एका फाट्यावर तिनं थांबायला सांगितलं. दोन्ही बाजूंना नुसती तूर, घर कुठंच दिसत नव्हतं. ती उतरली आणि बांधावरून चालू लागली. महाराजांनी ड्रायव्हरला तिच्या मागे पाठवलं. तो लगेच परतला. ती पुढं चालली आहे, म्हणाला, पण हाक मारावीशी वाटली नाही.

महाराजांनी तो विनोद सोडला. लोक फर्माईश करत, तेव्हा घसा बसलाय म्हणत. यमावरचे, देवांच्या भांडणांचे बाकीचे विनोद चालूच राहिले. मला मात्र हशा उठला की बायकांच्या बाजूला बघायची सवय लागली.

एकदा जीपमध्ये मी विचारलंच, की ती बाई स्वतः हसले म्हणाली, मग तुम्ही एवढं मनाला काऊन लावून घेतलं?

"ती एकलीच उतरली, मले चल म्हनली नाही, तवा लय बरं वाटलं," ते म्हणाले. "त्याचंच भेव वाटते."

पुढच्या गावचा भोंगा ऐकू यायला लागला होता. त्यांनी फेटा नीट केला.