शपथपत्रातलं ‘होते’

शिष्यवृत्तीच्या फॉर्मवर ‘जात’ या शब्दापुढे मी ‘बौद्ध’ लिहिलं होतं. कॉलेजच्या बाबूंनी चष्मा कपाळावर चढवला आणि फॉर्म खिडकीतून परत ढकलला.

“हा धर्म झाला. जात कुठं आहे?”

“आमची तीच आहे सर. शाळेच्या दाखल्यावर पण तेच आहे.”

“शाळेच्या दाखल्यावर शिष्यवृत्ती भेटत नाही बाई. तहसीलचा दाखला आण. आधीची जात लिहिलेला. शनिवारी दुपारी यादी पुढे जाते. त्यानंतर मले तोंड दाखवू नको.”

तो बुधवार होता.

मी यवतमाळला बी. एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. वसतिगृहात जागा मिळाली होती, पण शिष्यवृत्ती मंजूर होईल या भरवशावर. ती नाही झाली तर फी भरा, नाही तर खोली सोडा. जुलैपासून मी नोटीस बोर्डासमोर उभी राहून एकेक शिष्यवृत्ती वाचली होती. गुणवत्तेच्या शिष्यवृत्तीला माझे मार्क थोडे कमी पडत. शेतमजुरांच्या मुलांसाठी एक होती, पण बाबांच्या नावावर जमीन होती, कोरडवाहू आणि खडकाळ असली तरी होती. एक माजी सैनिकांच्या मुलींसाठी होती. आमच्या घरात कोणी पोलिसात पण गेलं नव्हतं. उरली ही एकच.

घरी आर्णीकडचं एक स्थळ दिवाळीपासून थांबवून ठेवलं होतं. मुलगा वाईट नव्हता. वाईट एवढंच, की तो तयार होता.

तहसीलच्या दाखल्याचं सीनियर मुलींनी मला आधीच सांगितलं होतं. मी ते प्रकरण दिवाळीत तयारही केलं होतं. माझा दाखला, बाबांचा दाखला, चुलत आजोबांचा गावच्या शाळेतला जुना उतारा, ज्यावर त्या वेळच्या मास्तरांनी आमची जुनी जात स्वच्छ अक्षरात लिहिली होती. महार. फक्त बाबांचं शपथपत्र लागत होतं. तेवढ्यावर सगळं अडलं.

त्यासाठी आमच्या घरचा कायदा सांगावा लागेल. आजोबा, म्हणजे बाबांचे वडील, ऐन जवानीत नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. आल्यावर त्यांनी गावकीची कामं सोडली, घरातले देव नदीत सोडले आणि तो शब्दही सोडला. आमच्या घरात तो कोणी उच्चारत नसे. गोष्ट सांगतानाही नाही. आजोबा “आपले लोक” म्हणत, किंवा “तेव्हाचं” म्हणत. मी दिवाळीत शपथपत्राचं काढलं तेव्हा आजोबा ओट्यावर बसून कापसाच्या पऱ्हाटीच्या काड्या मोडत होते. कानानं कमी ऐकत, पण हे ऐकलं. काडी मोडायची तेवढी थांबली. बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि मला म्हणाले,

“माह्या बापानं जे नागपुरात टाकून देल्लं, ते मी तहसीलात जाऊन उचलून आणू काय?”

“कागदावर तर लिहायचं आहे बाबा.”

“कागदावरचंच राह्यते पोरी. तोंडातलं त हवेत जाते.”

मी शाळेच्या दाखल्यावरच फॉर्म भरला आणि चालून जाईल अशी आशा केली. ते चाललं नाही, हे वर आलंच.

बुधवारी संध्याकाळी मी कागदांची पिशवी घेऊन नेरची बस धरली. घरी गेले नाही, कारण बाबा घरी नव्हते. ते नेरलाच, कापूस खरेदी केंद्राच्या रांगेत होते.

ती वर्षं कापसाला वाईट होती. गावात कोणी ‘पांढरं सोनं’ म्हटलं तर लोक त्याच्याकडे बघत की हा थट्टा करतो की भांडण काढतो. केंद्राबाहेर कापूस भरलेल्या बैलबंड्यांची रांग पार रस्त्याच्या वळणापर्यंत जाई. माणसं बंडीखाली झोपत, तिथंच तीन दगडांवर भाकरी करत. एक नियम होता, लिहिलेला नव्हता पण सगळे पाळत. रांग सरकली आणि तुमची बंडी जागची हलली नाही, तर मागचा पुढे घुसणार. त्यावर तक्रार नाही.

गुरुवारी सकाळी मी बाबांपुढे उभी राहिले. रात्र नेरलाच मावशीकडे काढली होती आणि रात्रभर भाषण तयार केलं होतं. ते मी केलं नाही.

“शनिवार शेवटचा आहे,” मी म्हटलं. “बंडी मी पाहते. तुमी तहसीलात जा.”

बाबांनी पुढे पाहिलं. फाटक दिसत होतं. त्यांचा नंबर त्या दिवशी लागणार होता, फार तर दुसऱ्या दिवशी.

“तुले बैल जुपता येते?”

“येते.”

“उजव्याच्या तोंडापुढं जाजो नको. मारते तो.”

एवढंच बोलले. कॅनमधल्या पाण्यानं तोंड धुतलं, शर्ट झटकला, माझ्या हातातली पिशवी घेतली आणि निघाले. शपथपत्र करणार की तिथंही नाही म्हणून परत येणार, हे मला कळलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही. विचारलं असतं तर ते थांबले असते.

मी बंडीच्या दांडीवर बसले. मागच्या बंडीवर तांड्यातले एक म्हातारे काका होते, डोक्याला लाल पागोटं, तोंडात सतत सुपारी.

“बाप कुठं गेला व तुहा?”

तहसीलात म्हटलं असतं तर कशाला म्हणून विचारलं असतं. कशाला ते सांगायचं तर तो शब्द भर रांगेत सांगावा लागला असता. मी म्हटलं,

“दवाखान्यात.”

“काहून? काल त चांगला भाकरी खाऊन राह्यला होता.”

“पोट.”

“मंग मिरची जास्त झाली. मी म्हणलंच होतं त्याले.” काकांनी पलीकडच्या बंडीला ओरडून सांगितलं, “अरे, याच्या बापाले हगवण लागली!”

‘याच्या’ म्हणजे बैलाच्या की माझ्या, ते त्यांनी स्पष्ट केलं नाही. रांगेत थोडा वेळ करमणूक झाली. मी तहसीलच्या दिशेनं बघत बसले. ऊन चढलं. समोरच्या हॉटेलात भजी तळून झाली, पुन्हा तळायला घेतली. बाबा आले नाहीत.

मग फाटक उघडलं आणि रांग एकदम हलली.

बैल सोडलेले होते. मी डावा आणला, जू मानेवर टाकलं, जुपणीचा दोर बांधला. उजवा जागचा हलेना. त्याच्या तोंडापुढं जायचं नव्हतं आणि मागून तो ऐकत नव्हता. पुढची बंडी निघाली. माझ्यापुढे मोकळा रस्ता दिसायला लागला.

“घे ना व पुढं!” मागून कोणीतरी ओरडलं. “नाही त बाजूले हो!”

“कॉलेजात हे शिकवत नाही का?”

“तिथं बैल मास्तर राह्यते, बांधून ठेवत नाही त्याले!”

मी काकांकडे पाहिलं. त्यांनी मला मागे टाकून जायला हरकत नव्हती. त्यांचे बैल जुपलेले होते, कासरा हातात होता. त्यांनी सुपारी थुंकली.

“शेपटी पिळ त्याची,” ते म्हणाले. “लाजू नको. तो बी नाही लाजत.”

मी शेपटी पिळली. उजवा एकदम पुढं आला, जवळजवळ माझ्या पायावरून. मी जू टाकलं, दोर कसा बांधला मला आठवत नाही, आणि बंडी हलवली. पुढच्या बंडीच्या मागच्या लाकडाला आमच्या बैलांची नाकं लागेपर्यंत थांबले नाही. एवढं जवळ घ्यायची गरज नव्हती. पण मधे कोणाला एक बोट शिरू द्यायचं नव्हतं मला.

रांग पुन्हा अडली. दुपार कलली. तहसीलचं कामकाज किती वाजता आटोपतं ते मला माहीत होतं, म्हणून मी कोणाला वेळ विचारत नव्हते. एक साधं शपथपत्र. तहसीलबाहेर झाडाखाली अर्जनवीस बसतात, त्यांच्याकडे मजकूर तयारच असतो, नाव टाकायचं, सही करायची, आत साहेबांपुढं उभं राहायचं. एवढा वेळ लागायचं कारण एकच. बाबा कुठंतरी पारावर बसले असतील आणि कामकाज आटोपायची वाट पाहत असतील, म्हणजे परत येऊन सांगता येईल की उशीर झाला. मी मनातल्या मनात वसतिगृहातली पेटी भरायला घेतली. आर्णीच्या मुलाचा चेहरा आठवून पाहिला. आठवला नाही.

ते आले तेव्हा सावल्या लांब झाल्या होत्या. काका माझ्याआधी ओरडले.

“काय म्हणते डॉक्टर?”

बाबा थांबले. “कोणता डॉक्टर?”

“पोटाचा!”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी बैलाकडे पाहिलं.

“काही नाही म्हणते,” बाबा म्हणाले. “जुनं दुखणं होतं. आता नाही.”

मग ते चाकापाशी बसले आणि हळू आवाजात मला म्हणाले, “दिलं तहसीलातल्या बाबूपाशी. उद्या सही होते म्हणाला. दुपारी दाखला भेटते.”

“मग एवढा वेळ?”

त्यांनी खिशातून घडी केलेला स्टॅम्प पेपर काढला. टाइप केलेला, पण सही नसलेला. वाया गेलेला.

“हा त्या अर्जनवीसानं आधी करून देल्ला. वाच.”

वाचलं. ‘मी शपथेवर लिहून देतो की मी जातीने महार आहे.’

“मी म्हणलं, ‘आहे’ नाही. ‘होते’ लिव. माहे वडील होते. दीक्षेच्या आधी होते. मी बौद्ध, पोरगी बौद्ध. तो म्हणे, आमचा मजकूर ठरलेला हाय, सारे असंच करते. म्हणलं करत असन. मी नाही करत. तो म्हणे मंग नवा स्टॅम्प आणा. स्टॅम्पवाला जेवायले गेलता. मंग टाइपवाल्याची शाई सरली.”

“एका ‘आहे’साठी?” माझा आवाज चढला. काका मान वळवून ऐकायला लागले. “बाबा, कॉलेजच्या बाबूनं घेतलंच नाही तर? बाकीच्यांचं चालते ते आपलं काहून चालत नाही? शनिवारनंतर काय करू मी, त्या ‘होते’ला पाण्यात उकळून पिऊ?”

मला खरंच राग आला होता. दिवसभर मी बैलाची शेपटी धरून बसले आणि हे तिथं व्याकरण तपासत होते.

“म्हाताऱ्याले काय सांगू मंग घरी गेल्यावर?” बाबा म्हणाले. “त्यानं टाकलं ते टाकलेलंच हाय, एवढं त सांगता आलं पाह्यजे मले.” मग बंडीकडे पाहिलं. “इतकी चिपकवून कायले लावली? बैलाले मान हलवता येत नाही.”

शुक्रवारी दुपारी दाखला मिळाला. बाबांचा कापूस त्याच दिवशी फाटकाच्या आत गेला. कापसाची प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरनं काय केलं ते पाहायला मी थांबले नाही, बस पकडली.

शनिवारी सकाळी मी कॉलेजच्या खिडकीवर पहिली होते. बाबूंनी दाखला पाहिला, मान हलवली. मग सोबत जोडलेली शपथपत्राची प्रत उलटसुलट केली आणि त्या ओळीवर बोट ठेवलं.

“हे काय? ‘होते’? सगळ्यांच्यात ‘आहे’ राहते.”

“आमच्यात ‘होते’ आहे सर.”

“म्हणजे आता नाही?”

“आता बौद्ध. खाली लिहिलं आहे.”

“हे वरच्यांनी अडवलं तर? बाप कुठंय तुझा? नवीन करून आण दुपारपर्यंत.”

नेर किती लांब आहे ते त्यांना माहीत होतं, मलाही. मला हो म्हणता आलं असतं. यवतमाळलाही झाडं होती, झाडाखाली अर्जनवीस होते, आणि बाबांची सही मला हुबेहूब करता येत होती, शाळेच्या प्रगतिपुस्तकावर मीच करत आले होते. हे सगळं माझ्या डोक्यात आलं. मी ते खरंच मोजून पाहिलं. मागे मुलींची रांग वाढत होती.

“नाही सर,” मी म्हटलं. “तेच ठेवा. दाखल्यावर सही तहसीलदारांची आहे. त्यांना ‘होते’ चाललं.”

बाबूंनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीच्या गजाला धरून उभी राहिले, हलले नाही. मागची मुलगी म्हणाली, “बाई, लवकर.” मी तिलाही जागा दिली नाही.

“परत आलं तर माझ्या नावानं रडायचं नाही,” ते म्हणाले आणि कागदावर शिक्का मारला.

मी एसटीडी बूथवरून गावच्या किराणा दुकानात फोन लावला. बाबांना बोलावून आणेपर्यंत पुन्हा लावावा लागला. ते धापा टाकत आले.

“घेतलं?”

“घेतलं.”

“त्यानं ‘आहे’ त नाही केलं ना?”

“नाही. ‘होते’च आहे.”

पलीकडे ते कोणाला तरी जोरात, एकेक शब्द सोडवून सांगत होते. ऐकू कमी येणाऱ्या माणसाला सांगतात तसं. मग पुन्हा फोनवर आले.

“ठेव आता. मीटर पळून राह्यलं.”