आतून फिरणारी काच

रॅम पबातली छोटी खोली हिल्डा एंटविसलच्या आजोबांच्या काळापासून बायकांची. तिला मागच्या गल्लीतून वेगळं दार. खोलीत बाक, एक शेकोटी, आणि बारच्या बाजूला लाकडी फळीवर, बरोबर चेहऱ्याच्या उंचीला, दुधी काचांची ओळ. प्रत्येक काचेवर द्राक्षाची वेल कोरलेली आणि प्रत्येक काच मधल्या खिळीवर फिरणारी. आतल्या बाईने बोटाने काच जराशी तिरकी करायची, पैसे सरकवायचे, ग्लास ओढून घ्यायचा. बारमागच्या माणसाला दिसायचा तो फक्त हात.

काच आतल्या बाईने फिरवायची, बारमागे उभ्या असणाऱ्या आपण नाही. लहानपणी हिल्डाने कुतूहलाने एकदा बोट लावलं होतं, तेव्हा आईने ओल्या फडक्याचा फटका दिला होता. त्यानंतर सगळा जन्म तिने याच बारमागे काढला, नवरा गेल्यावर एकटीने. गिरणीतल्या बायका ती हातांवरून ओळखायची. सुताच्या मशीनमध्ये करंगळी वाकडी झालेला हात आयव्ही क्रॅबट्रीचा. दर शनिवारी दुपारी एक काळी बियर.

आयव्ही चॅपलच्या, म्हणजे दारू वर्ज्य मानणाऱ्या प्रार्थनाघराच्या, रविवारच्या शाळेत मुलींना शिकवायची. दारूला शिवणार नाही या शपथेचा कागद तिच्या बैठकीत फ्रेम करून टांगलेला होता. गल्लीला कुणकुण असेलही. पण कुणी पाहिलं नव्हतं, आणि तिथे तेवढं पुरत होतं.

त्या शनिवारी दुपारी हिल्डाच्या मुलीला, मॅरियनला, बघायला तिचे होणारे सासूसासरे येणार होते. मिसेस पिलिंग त्याच चॅपलच्या, महिला सभेच्या प्रमुख. पबवालीची मुलगी त्यांच्या घशाखाली उतरत नव्हती. हिल्डाने आदल्या दिवसापासून हिरव्या टाइल्स घासल्या, पितळी नळ चमकवले.

"आई, पुरे गं. पब आहे तो, राजवाडा नाही."

"तू गप्प बस. तुझ्यासाठीच चाललंय."

मिसेस पिलिंग पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या. "आमच्या घरातल्या कुणी पबचा उंबरठा ओलांडला नाही कधी."

"आज ओलांडलास, आणि छत अजून जागेवर आहे," मिस्टर पिलिंग म्हणाले.

"चहाच देतेय मी," हिल्डा घाईने म्हणाली. "बघा ना, किती जुनं आणि घरंदाज काम आहे." तिने टाइल्सवरची उठावाची फुलं दाखवली, मागच्या आरशाची कोरीव चौकट दाखवली. मिसेस पिलिंगचा चेहरा थोडा सैलावतोय असं तिला वाटलं. तिला चेव आला.

"आणि या छोट्या काचा कशाला?" मिस्टर पिलिंगनी विचारलं.

"या तर आमच्याकडची खास गंमत. बघा, कशी लोण्यासारखी फिरते," असं म्हणून हिल्डाने काच ढकलली.

पलीकडे आयव्ही होती. वरच्या ओठावर फेस. चॅपलची टोपी टेबलावर, शेजारी रुमालात काढून ठेवलेली कवळी.

"आयव्ही?" मिसेस पिलिंग म्हणाल्या.

आयव्हीने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. तिने हिल्डाकडे पाहिलं, मग दातांविना बोळकं झालेलं तोंड हाताने झाकलं, आणि दुसऱ्या हाताने काच परत लावून घेतली. मिस्टर पिलिंगनी खाकरून शेकोटीबद्दल काहीतरी विचारलं.

निघताना मिसेस पिलिंग म्हणाल्या, "घर स्वच्छ आहे हो तुमचं. तारखेचं बघू या." हिल्डाला हवं ते मिळालं होतं.

मॅरियन कप विसळत होती. "ती शनिवारी तिथे असते हे तुला माहीत होतं, आई."

"तेव्हा नाही आलं डोक्यात."

"मग काय होतं डोक्यात?"

हिल्डा विसळलेला कप पुसू लागली. डोक्यात होतं ते पोरीचंच लग्न, पण ते तिच्या माथी मारण्यासारखं नव्हतं.

रविवारच्या शाळेत आता दुसरीच बाई शिकवते, असं कानावर आलं. पुढच्या शनिवारी गल्लीतलं दार वाजलं नाही. त्यानंतरच्याही नाही. शेवटी हिल्डाने एका किटलीत बियर ओतली, वर कापड बांधलं, कोटाखाली धरली आणि निघाली. आयव्हीच्या घराच्या अलीकडे कुणाचा तरी पडदा हलला. तेव्हा तिला उमगलं, की पबवाली कोट फुगवून आयव्हीच्या दाराशी उभी राहिली, तर ते पुन्हा काच फिरवणंच ठरेल. ती तिथूनच वळली. बियर तिने मोरीत ओतली.

मॅरियनचं लग्न झालं. पाहुण्यांनी हिल्डाचे हात दाबून अभिनंदन केलं, आणि प्रत्येक वेळी हात मागे घ्यावासा वाटला तिला.

थंडी सुरू झाल्यावर एका शनिवारी गल्लीतलं दार कुरकुरलं. बाक हलला. मग टोकाची, सगळ्यात अंधारातली काच केसभर तिरकी झाली आणि पैसे पुढे आले. हातात जाड लोकरी मोजा होता. आजवर त्या खोलीत कुणीही मोजे घालून पैसे दिले नव्हते. मोज्याची करंगळी बाहेरच्या बाजूला वाकलेली होती.

हिल्डाने मान खाली घातली, काळी बियर भरली आणि फळीवर ठेवली. "थंडी फार आहे," इतकंच म्हणायचं तिच्या ओठांवर आलं होतं. तेही ती बोलली नाही.